चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर

वेल्हे गावाच्या चौकात उभे राहिले की तोरणा किल्ला अगदी माथ्यावर आल्यासारखा भासतो. तेथील मुले तो जन्मापासून पाहत आलेली असतात. पण त्यांच्यापैकी एखाद्याला वर्गात बसवून, खिडक्या लावून घेऊन, झुंजार माची आणि बुधला माची यांच्यासह तो किल्ला कागदावर काढावयास सांगितला, तर पेन्सिल मध्येच अडते. कडा कोठे सुरू होतो, माचीची उतरण किती, झाडी कोठवर चढते, यांतले काहीच नीट आठवत नाही. किल्ला रोज दिसतो खरा. पण तो पाहिलेला नसतो. एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या मुलामुलींना ही अडचण चांगली ठाऊक असते. कारण त्या परीक्षेत स्मरणचित्राची स्वतंत्र उत्तरपत्रिका असते, आणि तेथे समोर पाहावयास काहीच ठेवलेले नसते.

या मावळ खोऱ्यांशी निगडित असलेले काही प्रसंग एका थोर चित्रकाराने रंगविले आहेत. भोर तालुक्यातील शिंद गावचे बाजीप्रभू देशपांडे हे 1660 साली पावनखिंडीत लढत लढत पडले. शिवाजी महाराज आणि बाजीप्रभू पावनखिंडीत उभे आहेत, असे त्यांचे एक चित्र आहे. 1666 साली महाराज राजगडावरून आग्र्यास गेले. तेथील औरंगजेबाच्या दरबारात ताठ मानेने उभे असलेले महाराज हे त्यांचे दुसरे चित्र. आणि तिसरे 1674 च्या रायगडावरील राज्याभिषेकाचे. त्या एका चित्रात शंभरांहून अधिक माणसे आहेत! कोणी बसलेला, कोणी वाकलेला, कोणी मान वळवून शेजाऱ्याकडे पाहत असलेला. पागोट्यांचे, अंगरख्यांचे, शेल्यांचे नाना प्रकार. चित्रकाराचा जन्म या घटनांनंतर सुमारे दोनशे वर्षांनी झाला. त्याने यांतले काहीही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. मग इतकी जिवंत माणसे त्याने आणली कोठून?

या चित्रकाराचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी झाला. त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले आणि शिक्षण तेथील राजाराम हायस्कुलात झाले. त्या काळी कोल्हापुरात चित्रकलेला पोषक अशी हवा होती. पंचगंगेचा घाट, रंकाळ्याचे पाणी, अंबाबाईच्या देवळातील कोरीव काम, संस्थानी स्वाऱ्या आणि मिरवणुका, हे सारे तेथे होतेच. शिवाय आबालाल रहिमान यांच्यासारखा विलक्षण कलावंत त्याच नगरीचा रहिवासी होता. आबालाल हे 1880 नंतरची काही वर्षे मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत शिकले होते. पुढे ते कोल्हापुरास राहून निसर्गाची चित्रे काढण्यात गढून गेले. कोटितीर्थाच्या तळ्याकाठी बसून पहाटेचे धुके आणि सांजेचा उजेड टिपणारा हा फकिरी वृत्तीचा माणूस छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार होता. त्यांच्या कामाचा ठसा विद्यार्थिदशेतील धुरंधरांवर उमटला. गावातलाच एक मनुष्य हाती खडू घेऊन जगाचे रूप कागदावर उतरवू शकतो, हे प्रत्यक्ष पाहणे ही लहान गोष्ट नव्हे.

1890 च्या जानेवारीत धुरंधर मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेव्हा त्यांना तेविसावे वर्ष सरत आलेले होते. त्या वयात पुष्कळ तरुण कारकुनीत स्थिरावलेले असत, आणि चित्रकलेवर पोट भरेल की नाही याची खात्री कोणीच देऊ शकत नसे. तरीही ते आले. या शाळेची स्थापना 1857 साली सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून झाली होती. धुरंधर आले त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे प्राचार्य होते. ग्रिफिथ्स यांची एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. 1872 पासून पुढे अनेक हिवाळे ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात आणि अंधाऱ्या भिंतींवरील चित्रांच्या हुबेहूब प्रतिकृती करवून घेत. त्या प्रतिकृती लंडनला पाठविण्यात आल्या आणि 1885 साली तेथे आग लागून त्यांतील पुष्कळशा जळून गेल्या. वर्षानुवर्षांच्या श्रमांची राख झाली. तरी ग्रिफिथ्स यांनी हाय खाल्ली नाही. उरलेल्या सामग्रीवरून त्यांनी अजिंठ्यावरील आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि तो 1896 व 1897 या वर्षांत प्रसिद्ध झाला. अशा गुरूच्या हाताखाली धुरंधरांचे शिक्षण सुरू झाले.

आता ते शिक्षण कसे असे, ते पाहू. कलाशाळेत प्रवेश मिळाला की रंगांची पेटी उघडावयाची, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रंग फार उशिरा हाती येत. आधी सरळ रेषा, वळणदार रेषा, मग घन, लंबगोल, घडे, खुर्च्या. त्यानंतर ग्रीक व रोमन मूर्तींचे प्लास्टरचे पांढरेशुभ्र साचे समोर ठेवले जात. विद्यार्थी ‘डाँकी’ नावाच्या बाकावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसे. या बाकाच्या पुढच्या उभ्या भागाला फळा टेकविता येतो, आणि बसणारा स्वार झाल्यासारखा दिसतो. म्हणून त्याला गाढवाचे नाव पडले! विद्यार्थी एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवून डोके किती, धड किती याचे माप घेई. मग कोळशाच्या कांडीने छाया भरावयाची. चुकले तर पावाच्या मऊ गराने अलगद टिपून घ्यावयाचे. एकाच मूर्तीपुढे आठवडेच्या आठवडे जात. पांढऱ्या प्लास्टरवर किती छटा असतात, हे चार दिवसांनी उमगू लागे; आणि जी बाजू आपण काळी समजून भरून टाकली तिच्यातही परावर्तित उजेडाची एक फिकट कड आहे, हे कळावयास आणखी काही दिवस लागत.

या पद्धतीत शिक्षकाचे काम केवळ चूक दाखविण्याचे नसे. तो विद्यार्थ्याला उठवून स्वतः त्याच्या जागेवर बसे, कारण मूर्ती प्रत्येक जागेवरून वेगळी दिसते; आणि कागदाच्या कडेला चार रेषा ओढून खांद्याचा उतार किंवा गुडघ्याची वाटी काढून दाखवी. मागे उभ्या असलेल्या मुलांना त्या वेळी गुरूचा हात कोठे वेगाने जातो, कोठे थबकतो, पेन्सिल कोठे दाबली जाते आणि कोठे नुसती स्पर्शून जाते, हे दिसे. छापलेल्या पुस्तकातून हे कळत नाही. पूर्ण झालेल्या चित्रात शेवटचा निर्णय तेवढा उरतो. तेथवर पोहोचण्याचा मार्ग पाहावयाचा असेल, तर काढणाऱ्या हाताजवळच उभे राहावे लागते.

धुरंधरांनी ही शिस्त मनापासून स्वीकारली. पण त्यांची दृष्टी प्लास्टरच्या मूर्तींवर थांबली नाही. शाळेतून बाहेर पडले की मुंबईचे रस्ते त्यांच्यापुढे उघडे होते. डोईवर टोपली घेतलेल्या कोळिणी, घोड्यांच्या ट्रामा, पारशी गृहस्थ, हमाल, पोलीस शिपाई, देवळाकडे निघालेल्या प्रभू स्त्रिया! मूर्ती हलत नाही. रस्त्यावरचा माणूस मात्र आपल्यासाठी थांबत नाही. तो चार पावले टाकून गर्दीत नाहीसा होतो. त्याला पकडावयाचे तर सगळे काढून चालत नाही; आधी पाठीचा बाक, मग पायांची ठेवण, हातातील ओझ्याचा तोल, आणि वेळ उरला तर चेहरा. अशी रेखाटने करण्याची सवय धुरंधरांना जडली, आणि ती सुटली नाही. स्वयंपाकघरातील, ओसरीवरील, हळदीकुंकवातील घरगुती विषय त्यांनी चित्रांसाठी निवडले. 1888 साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात 1895 साली त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्या काळी या प्रदर्शनात युरोपीय चित्रकारांचे वर्चस्व असे. तेथे कोल्हापुराहून आलेल्या एका विद्यार्थ्याने मराठी घरातील प्रसंग रंगवून पदक मिळवावे, ही त्या वेळी बोलबाला होण्यासारखी घटना होती.

1896 साली त्याच शाळेत त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने पाऊल टाकले. लोक शहर सोडून जाऊ लागले, घरांना कुलुपे पडली, शाळा ओस पडल्या. त्या भयंकर काळातच, 1897 साली, धुरंधरांच्या पत्नी बापूबाई निवर्तल्या. नव्या नोकरीचा आनंद पुरता भोगण्यापूर्वीच हा घाव बसला. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. त्या पत्नीचे नाव गंगूबाई. दुःखाच्या दिवसांतही त्यांचे अध्यापन आणि चित्रण अखंड चालू राहिले.

येथून पुढच्या काळात त्यांच्या कामाचा विस्तार पाहून मन थक्क होते. शाळेत शिकवावयाचे आणि घरी येऊन चित्रे काढावयाची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या लोकजीवनावरील त्यांची विनोदी चित्रे पोस्टकार्डांवर छापून निघाली आणि घरोघर पोहोचली. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी शहराच्या गल्लीबोळांवर लिहिलेले ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक 1912 साली त्यांच्या चित्रांसह निघाले. 1914 साली किंकेड यांनी आपल्याकडील व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. श्रावणात आजीच्या तोंडून ऐकावयाच्या त्या कहाण्यांतील राजे, राण्या, गरीब ब्राह्मण आणि देवता धुरंधरांनी रंगविल्या. पुढे रॉथफील्ड यांच्या हिंदुस्थानातील स्त्रियांवरील पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील आणि जातिजमातींतील स्त्रियांची चित्रे काढली. लुगडे नेसण्याची तऱ्हा कोसाकोसावर बदलते. कासोटा कसा, पदर कोणत्या खांद्यावर, निऱ्या किती, डोक्यावरचा पदर कोठवर; यांत एक जरी चूक झाली तरी पाहणारी बाई लगेच हसेल. धुरंधरांच्या चित्रांत अशी चूक सहसा सापडत नाही, कारण ही माहिती त्यांनी ऐकून घेतलेली नव्हती; ती त्यांच्या पेन्सिलीखालून अनेकदा गेलेली होती.

राज्याभिषेकाच्या चित्रातील शंभर माणसांचे कोडे येथे सुटते. कोणा सरदाराची मान वळविण्याची लकब कदाचित मुंबईच्या बाजारातील एखाद्या व्यापाऱ्याची असेल, भालदाराचे उभे राहणे एखाद्या शिपायाचे असेल. इतिहासकाळची वस्त्रे आणि शस्त्रे अभ्यासाने कळतात. पण त्या वस्त्रांच्या आतील माणूस मात्र आपल्या काळात डोळे उघडे ठेवून हिंडल्यावाचून मिळत नाही.

मला स्वतःला धुरंधरांच्या भव्य दरबारी चित्रांपेक्षा त्यांची लहान रेखाटने अधिक आवडतात. मोठ्या तैलचित्रांत कधी कधी नाटकातील प्रवेशासारखी मांडणी वाटते. सगळी पात्रे आपण पाहत आहोत हे जाणून उभी राहिली आहेत, असा भास होतो. रेखाटनांत मात्र माणसे आपल्याच कामात मग्न असतात. अर्थात हा आवडीचा प्रश्न आहे, आणि पुष्कळांचे मत याहून निराळे पडेल.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या पद्धतीवर टीका होऊ लागली होती. बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांचे शिष्य यांनी मोगल व अजिंठा शैलींकडे वळून चित्रकलेला नवे वळण दिले. त्या पक्षाला मुंबईची छायाप्रकाशाची वास्तववादी चित्रे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण वाटे. हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. धुरंधर आपल्या मार्गावरून ढळले नाहीत. पाहण्याची पद्धत त्यांनी परक्यांकडून घेतली होती, हे खरेच. पण त्या पद्धतीने त्यांनी पाहिले ते आपल्या घरातील देव्हारे, आपली लग्ने आणि आपल्या वाटेवरची माणसे. उच्चवर्णीय हिंदू कुटुंबातील लग्नसमारंभाचे त्यांचे चित्र याची साक्ष देते.

अध्यापनातही त्यांची चढती कमान राहिली. 1910 साली ते शाळेचे हेडमास्तर झाले. ग्रिफिथ्स, ग्रीनवुड, सेसिल बर्न्स, ग्लॅडस्टन सॉलोमन असे एकामागून एक इंग्रज प्रमुख आले. प्रत्येकाचा आग्रह निराळा, धोरण निराळे. सॉलोमन यांनी 1919 च्या सुमारास जिवंत व्यक्ती समोर बसवून रेखाटन करण्याच्या वर्गाला महत्त्व दिले आणि भित्तिचित्रणाचे शिक्षण सुरू केले. प्रमुख बदलत, मात्र मुलांच्या फळ्याजवळ जाऊन बसणारे धुरंधर मास्तर तेच राहिले. सावंतवाडीहून आलेले सावळाराम हळदणकर हे याच काळात जे. जे. मध्ये शिकले, त्यांनी 1908 साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि जलरंगांत मोठे नाव मिळविले. अशा अनेक विद्यार्थ्यांच्या हातून ती परंपरा पुढे गेली.

1927 साली सरकारने धुरंधरांना रावबहादूर ही पदवी दिली. नवी दिल्लीतील सचिवालयाची नवी इमारत चित्रांनी सजविण्याचे काम मुंबईच्या कलावंतांकडे आले, तेव्हा 1929 च्या सुमारास वयाच्या साठीनंतरही त्यांनी त्या कामात भाग घेतला. 1930 साली कलाशाळेच्या संचालकपदाची धुरा काही काळ त्यांच्या हाती आली. ज्या संस्थेत ते विद्यार्थी म्हणून शिरले होते, तिच्या सर्वोच्च खुर्चीवर एक हिंदी मनुष्य बसला होता. 1931 साली ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी मराठीत लिहिल्या. 1940 साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. 1890 ते 1931 ही ती एकेचाळीस वर्षे. मुंबईच्या कलाशाळेचा इतिहास समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना आजही त्या पुस्तकाचा आधार घ्यावा लागतो.

त्यांच्या घरीही एक विद्यार्थिनी वाढत होती. 1912 साली जन्मलेली कन्या अंबिका वडिलांचे काम पाहत पाहतच मोठी झाली. मुलींनी कलाशाळेत जाणे अपूर्वाईचे होते, त्या काळी तिने जे. जे. मध्ये प्रवेश घेतला आणि पदविका मिळविली. तेथील शिक्षण पुरे करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. वडील संस्थानिकांकडे कामासाठी जात, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर प्रवास करी. अंबिका धुरंधर यांना दीर्घायुष्य लाभले. त्या 2009 साली वारल्या.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे निधन 1 जून 1944 रोजी झाले. त्यांची चित्रे ठिकठिकाणी विखुरली आहेत. सातारा जिल्ह्यातील औंधच्या टेकडीवर श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात त्यांची चित्रे पाहावयास मिळतात. भोरहून साताऱ्यामार्गे तेथे जाता येते. 2018 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात त्यांच्या कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे तैलचित्रे आणि जलरंगांतील चित्रे होती, आणि त्यांच्या जोडीला त्यांची रेखाटनेही मांडलेली होती: पेन्सिलीच्या चार-सहा रेषांत उमटलेली, शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या रस्त्याने घाईघाईने निघून गेलेली माणसे.